तापलेल्याचं माप

लेथखाली रोज संध्याकाळी झाडू मारला, तरी दुसऱ्या दिवशी लोखंडाचा चुरा पुन्हा घोट्यापर्यंत साठलेला असतो. वर्कशॉपमधल्या गोष्टींचं तसंच आहे. कोणी मुद्दाम जमवत नाही. काम चालू असतं आणि त्या आपोआप खाली पडत राहतात. आता मित्र चहाला जमले की "दत्ता, ती बेअरिंगची सांग, ती म्हशीची सांग," म्हणतात आणि मीही सांगत सुटतो. फक्त एक अडचण आहे. माझ्या प्रत्येक गोष्टीत शेवटी शहाणा ठरतो रंगनाथ, आणि माती खातो मी!

आमचं वर्कशॉप सोनई-घोडेगाव रस्त्यावर. म्हणजे अण्णांचं. मी तिथे टर्नर, लोखंड कातायच्या लेथवर उभं राहून बावीस वर्षं झाली. रंगनाथ माझ्यानंतर पाच वर्षांनी आला, फिटर म्हणून. समोर अलकावहिनींचा वड्यांचा गाडा. एवढीच आमची मंडळी.

आणि हो, एक लाकडी डबी. अण्णांच्या टेबलाच्या खणात असायची. तिच्यात मायक्रोमीटर. केसाची जाडीसुद्धा मोजता येईल इतका बारीक, अण्णांना त्यांच्या उस्तादांनी दिलेला. रोजच्या कामाला माझा साधा मायक्रोमीटर होता, पण हा वेगळा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा झेंडूच्या फुलांत पाटावर मधोमध तो बसायचा. अण्णा म्हणायचे, "मी काम सोडलं की ही डबी हितल्या एकाला द्यायची. जो खरा मिस्त्री, त्याला."

रंगनाथ यायच्या आधी "हितल्या एकाला" म्हणजे मलाच, कारण दुसरं कोणी नव्हतंच! मग तो आला, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. सरळच सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. थोडाथोडका नाही, चांगला भट्टीसारखा.

*

त्याचा पहिलाच दिवस. मी एका शाफ्टवर बेअरिंग चढवत होतो आणि ते चढत नव्हतं. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा मारून मारून घामाघूम झालो. अण्णा बाजूला उभे. नवा माणूसही बघतोय, त्यामुळे मी आणखी जोरात मारत होतो.

रंगनाथ शांतपणे म्हणाला, "ह्ये जरा देता का?" बेअरिंग घेतलं, तारेत ओवलं आणि रस्ता ओलांडून थेट अलकावहिनींच्या गाड्याकडे! वहिनींनी नुकताच स्टोव्ह पेटवला होता. कढईत कालचं, टाकून द्यायचं तेल तापत होतं. रंगनाथने बेअरिंग त्यात सोडलं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, बेसन लावायचं ऱ्हायलं की!"

पाच-सात मिनिटांनी त्याने ते बाहेर काढायला घेतलं, तर वहिनी झाऱ्या घेऊन आडव्या आल्या. "आत्ता काढता? कच्चं हाय अजून! लाल तरी हुंद्या!"

तो पळत आला. गरम बेअरिंग शाफ्टवर ठेवलं आणि ते सुळ्ळकन जागेवर जाऊन बसलं. ठोकणं नाही, काही नाही. दहा मिनिटांत निवून असं घट्ट झालं की हलेना. तापलं की लोखंड वाढतं, भोकही मोठं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो! पण हातात हातोडा असला की डोकं चालत नाही.

अण्णा म्हणाले, "वा!"

पाच वर्षांत मला त्यांनी जास्तीत जास्त "ठीक" म्हटलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, "अहो, काय झालं?" मी म्हणालो, "तेलकट खाल्लंय."

*

आमच्या वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर. ऊन चढलं की पत्रा तापून पसरतो आणि कुठेतरी खिळ्याला अडून मोठ्याने "टण्ण" वाजतो. नवीन गिऱ्हाईक हमखास खाली वाकतं. रंगनाथने ऊन बघून त्याचा असा अंदाज बसवला होता, की टण्ण व्हायच्या क्षणभर आधी तो ओरडायचा, "च्या!" आणि वरून टण्ण! लोक तोंडात बोटं घालायचे. अण्णा हसायचे. अलकावहिनी रस्त्यापलीकडून किटली उचलायच्या.

मी आठ दिवस गुपचूप अभ्यास केला. उन्हाची तिरीप लेथच्या कितव्या बोल्टवर आली की पत्रा वाजतो, ते खडूने टिपून ठेवलं. नवव्या दिवशी रंगनाथच्या आधी मीच ओरडलो, "च्या!"

सगळे वर बघत राहिले. काही नाही. पुन्हा ओरडलो. काही नाही. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि माझी मान लेथवरून वर झालीच नव्हती.

अण्णा म्हणाले, "दत्ता, आज पत्र्याला सुट्टी हाय."

*

आता माझी खरी चूक सांगतो. एप्रिलमधली दुपार. मोटरचा शाफ्ट टर्निंगला आला होता, बेअरिंग बसायची जागा अचूक हवी होती. रंगनाथने सकाळपासून तीन कामं उरकली होती आणि माझं एकच चाललं होतं. मग काय! लोखंड गार ठेवायचं कूलंट संपलं होतं, तरी मी मोठमोठे कट मारले. चुरा निळा होऊन उडत होता. शेवटचा कट संपला तसा मायक्रोमीटर लावला. माप बरोब्बर!

रंगनाथ जाता जाता शाफ्टवर तळहात ठेवून गेला. म्हणाला, "तापलाय रे अजून."

हे एक त्याचं होतं. तो प्रत्येक गोष्ट हाताने बघायचा. बोटं फिरवायचा, फार तर दोन पायांचा साधा कॅलिपर लावून एका कामाचं माप दुसऱ्यावर न्यायचा. मायक्रोमीटर कधी हातात घेतला नाही, माझाही नाही आणि अण्णांचा तर नाहीच. मला वाटायचं, काय हा माज! आम्ही आकडे बघायचे आणि हा नुसता हात फिरवून सांगणार!

मी म्हणालो, "तू तुझं बघ." आणि शाफ्ट दिला बांधून.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक शाफ्ट घेऊन परत. बेअरिंग बोटाने सरकत होतं, बांगडीसारखं. गरम असताना माप बरोबर होतं, निवल्यावर शाफ्ट बारीक झाला. काम वाया.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शाफ्ट हातात फिरवत एवढंच म्हणाले, "दत्ता, तापलेल्या लोखंडाचं माप घिऊ न्हाई. आन् तापलेल्या मान्सानं तर कशाचंच घिऊ न्हाई."

मी मान खाली घातली. रंगनाथ ड्रिल मशीनकडे तोंड करून उभा होता. हसत असणार, असं मी त्या दिवशी धरून चाललो.

*

लोखंडाचं झालं, आता हवेचं. आमच्याकडे कंप्रेसरही आहे. एका पहाटे ओळखीचे एक पाटील ट्रॉली घेऊन आले. घोडेगावच्या बाजारात दोन म्हशी न्यायच्या होत्या. टायर जुने, घासलेले. रंगनाथने टायरवर लोखंडी पट्टी ठोकून आवाज ऐकला आणि सांगितलं, "पाटील, हवा जरा कमीच ठेवा. आत्ता गारवा हाय. दुपारी डांबर तापलं की आतली हवा फुगती."

झालं! तो कमी म्हणाला म्हणजे मी जास्त म्हणणार. मी पाटलांना बाजूला घेतलं. म्हणालो, "दोन म्हशींचं वजन हाय. टायर टाईट पायजे. ह्यो काय, ठोकून बघतोय! मी काट्यावर बघतो." आणि काटा बघून चांगली दाबून हवा भरली.

त्या दिवशी पाटलांबरोबर मीही बाजाराला गेलो. म्हटलं, आपल्या हवेचं कौतुक आपल्या डोळ्यांनी बघावं. म्हशी उतरवल्या, ट्रॉली भर उन्हात उभी. बाराच्या सुमाराला पाटलांच्या थोरल्या म्हशीचा सौदा रंगात आला. तुम्हाला माहीत असेल, जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. पाटील आणि व्यापारी, दोघांचे हात उपरण्याखाली. बोटं दाबून किंमत सांगायची. बाहेरच्याला पत्ता नाही. व्यापारी तीन बोटांवर अडून बसला होता. पाटील हलत नव्हते.

आणि मागे ट्रॉलीचा टायर फुटला!

काय तो आवाज! म्हशी दावं तोडून पळाल्या, चहावाल्याचं टेबल उलटलं, एक म्हातारं माणूस "गॅस, गॅस" म्हणत आडवं झालं. आणि त्या दणक्याने दचकून व्यापाऱ्याने उपरण्याखाली पाटलांची पाचही बोटं कचकन दाबली!

पाटील तेवढे शांत. दुसऱ्या हाताने टोपी सरळ केली आणि मोठ्याने म्हणाले, "ठरलं!"

व्यापारी म्हणाला, "अवो, ते भ्यालो म्हनून दाबलं!"

"बाजारात का दाबलं त्ये इचारत न्हाईत. किती दाबलं त्ये इचारत्यात."

शेवटी चार मंडळींनी मध्ये पडून चार बोटांवर मिटवलं. परत येताना पाटील पेढे घेऊन वर्कशॉपमध्ये आले. मला वाटलं, माझ्यासाठी! त्यांनी पुडा रंगनाथच्या हातात दिला. म्हणाले, "तू म्हनला हुतास तसंच झालं बग. दुपारी फुगतीच हवा!"

हवा भरली मी, टायर फोडला मी, म्हैस विकली गेली माझ्यामुळे आणि पेढे रंगनाथला!

*

हे सगळं वर्कशॉपमध्ये होतं तोवर ठीक होतं. एका वर्षी आम्ही दोन्ही घरं मिळून कळसूबाईला गेलो. माझ्या बायकोची, सुमनची, हौस. मी तिला म्हणालोसुद्धा, "त्याला कशाला?" ती म्हणाली, "भाऊजी असले की बरं असतं." बरं असतं म्हणे!

लोखंडी शिड्या चढत, धापा टाकत वर पोचलो. सुमनने पिशवीतून वेफर्सची पाकिटं काढली, तर ती टम्म फुगलेली. उशीसारखी! मी लगेच म्हणालो, "नासलीत. आत गॅस धरलाय. टाकून दे." आणि एक पाकीट खरोखर माकडांकडे फेकलंही.

रंगनाथ पाकीट दाबून म्हणाला, "वहिनी, नासलं न्हाई. खाली आपल्यावर हवेचा दाब जास्त. हितं वर हवा पातळ, दाब कमी. भाहिरून दाबनारं कोन न्हाई म्हनल्यावर आतली हवा पसरली. खा बिनधास्त."

पाकीट फोडलं. कुरकुरीत! माझ्यासमोर एक माकड माझे वेफर्स खात होतं.

मी रागारागाने बाटलीतलं पाणी संपवलं, झाकण घट्ट लावून पिशवीत टाकली. पायथ्याला बसलो तेव्हा सुमनने ती बाटली काढली. दोन्ही कुशींनी आत गेलेली, पार चेपलेली. वरची पातळ हवा आत कोंडली होती, खालच्या हवेने तिला दाबून टाकलं.

सुमनने बाटली निरखून बघितली, मग मला बघितलं. म्हणाली, "अहो, ही तुमच्यावर गेलीय. कुनी वर चढलं की हिचं तोंड बारीक!"

रंगनाथ हसला नाही. तेच मला जास्त लागलं.

*

मग आलं ते वर्ष, ज्या वर्षी अण्णांनी जाहीर केलं, "औंदाच्या खंडेनवमीला डबी देनार. माजे हात आता थरथरत्यात."

त्याच सुमाराला राहात्याच्या एका हॉटेलवाल्याला गेटवर ठेवायला जुन्या पद्धतीची बैलगाडी हवी होती. लाकडी चाकं सुताराने करून दिली, एका मापाची. त्यांच्यावर लोखंडी धाव चढवायची होती. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं. हल्ली गाड्यांना रबरी टायर आल्यापासून धाव चढवणारे राहिले नाहीत. अण्णांनी लहानपणी वडलांच्या हाताखाली केलेली.

रीत अशी. चाकाच्या घेरापेक्षा लोखंडी पट्टी एक बोट कमी कापायची. वाकवून, सांधून तिचं कडं करायचं. गार असताना ते चाकावर जाणारच नाही. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं. तापून वाढलं की चाकावर टाकायचं आणि वरून पाणी. आवळून असं बसतं की लाकूड कण्हतं.

अण्णा म्हणाले, "एक चाक दत्ताचं, एक रंगनाथचं." त्यांची नजर टेबलाच्या खणाकडे गेली, ती आम्ही दोघांनी पाहिली.

मी टेपने माप घेतलं, आकडा लिहिला, पट्टीवर खडूने खूण केली. रंगनाथने चाकाभोवती सुतळी गुंडाळली, ती पट्टीवर ताणून धरली, एक बोट मागे घेतलं आणि खूण मारली. टेप नाही, आकडा नाही. मी त्याच्या खुणेवर लपून टेप धरून बघितला. माझ्या आकड्याच्या केसभरसुद्धा इकडे तिकडे नाही!

माझं डोकं फिरलं. सतरा वर्षं बघत होतो, पण त्या दिवशी डबी डोळ्यापुढे होती. जेवणाच्या सुट्टीत तो हात धुवायला गेला. मी त्याची खूण अंगठ्याने पुसली आणि दोन बोटं अलीकडे नवी मारली. एक बोट ठरलेलं, वर ही दोन. म्हणजे धाव आणखी तोकडी. कितीही तापवली तरी चढणार नाही. लोखंड वाढून वाढून किती वाढणार!

रंगनाथने जेवण झाल्यावर पट्टी कापली. मी लेथवरून बघत होतो.

मग तो माझ्या पट्टीपाशी आला, खाली वाकला आणि म्हणाला, "दत्ता, तुझ्या पट्टीला तडा हाय बग. वाकवताना तुटंल. तू माझी घे, कापून तयार हाय. चाकं सारकीच हायेत. ह्या पट्टीला मी येल्डिंग मारून घेतो."

मी वाकून बघितलं. तडा होता.

"न-नको," मी म्हणालो.

"का?"

आता का, ते काय सांगू! घेऊ नको म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि कारण माझ्या अंगठ्यावर होतं. त्याने त्याची पट्टी माझ्या हातात दिली, माझी उचलली आणि गेला. मी मुकाट्याने ती तोकडी पट्टी वाकवली, सांधली. माझ्याच हाताने. मागाहून एखादा तुकडा जोडावा तर अण्णा समोर खुर्ची टाकून बसलेले.

गोवऱ्या पेटवल्या. हॉटेलवाले आले, अलकावहिनी गाडा सोडून आल्या. आधी रंगनाथची धाव. दोघांनी चिमट्यांनी उचलली, चाकावर धरली, सोडली. खाली जाऊन बसली. पाणी ओतलं, वाफेचा लोट उठला, लाकूड कर्र कर्र वाजलं. अण्णा म्हणाले, "वा!"

मग माझी. लालभडक. उचलली, धरली. एका बाजूने बसली तर दुसऱ्या बाजूने वर. दुसरी दाबली तर पहिली वर. लाकूड जळायला लागलं, धूर झाला. पुन्हा जाळात टाकली, पुन्हा काढली, पुन्हा तेच.

अलकावहिनी मागून ओरडल्या, "अवो दत्ताभाऊ, कच्चीच काढली जनू! आनखी तळा!"

लोक हसले. मी कडं जमिनीवर टाकलं आणि तसाच उभा राहिलो. अण्णा खुर्चीवरून उठून जवळ आले. कड्याकडे बघितलं नाही. माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. अंगठा अजून खडूने पांढरा होता.

हळू आवाजात म्हणाले, "अंगठा धू आधी."

दुसऱ्या दिवशी रंगनाथनेच त्या कड्यात दोन बोटांचा तुकडा सांधून दिला. "मापात कुटं चुकलो मी, कळंना बग," म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं का, ते मी आजवर विचारलेलं नाही.

*

खंडेनवमी आली. लेथ धुतला, ड्रिल धुतलं, हातोड्यांना कुंकू लावलं. झेंडूच्या हारांनी वर्कशॉप पिवळं झालं. अण्णांनी पाटावरून डबी उचलली आणि रंगनाथच्या हातात दिली. सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या. इतक्या जोरात वाजवल्या की तळहात लाल झाले. आतून काय होत होतं ते विचारू नका.

प्रसाद वाटायला सगळे बाहेर गेले. मी लेथपाशी उगाच फडकं फिरवत होतो. तेवढ्यात ड्रिल मशीनमागून हाक आली, "दत्ता, जरा हिकडं ये."

रंगनाथ जमिनीवर बसला होता. डबी उघडी. मायक्रोमीटरच्या जबड्यात त्याने एक पिन धरली होती आणि तो मुठीत घट्ट धरून डोळ्यांजवळ नेत होता, लांब नेत होता.

"ह्ये किती दावतंय?"

मी म्हणालो, "तूच वाच की. तुझा हाय आता." माझा आवाज कडूच निघाला.

"मला येत असतं तर सतरा वर्सं बोटांनी मोजलं असतं का?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आमी पाथर्डीकडचे. दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निगायची. आई-बाप जायचे, त्येंच्या मागं मी. शाळा दसऱ्यापातूर. आन् गनितातलं ह्ये पॉइंटच्या फुडचं," तो मायक्रोमीटरच्या बारीक रेघांवर बोट ठेवून म्हणाला, "दर वर्सी दसऱ्यानंतर शिकवायचे."

बाहेर अलकावहिनी कोणाला तरी आणखी पेढा घे म्हणत होत्या.

"तू ह्ये डोळ्याला लावून फाडकन आकडा सांगायचास ना," रंगनाथ म्हणाला, "तवा मी तिकडं तोंड करून हुबा ऱ्हायचो. लई जळायचो लेका तुझ्यावर."

त्याने हात पुढे केला. मी मायक्रोमीटर घेतला. इतका वेळ त्याच्या मुठीत राहून तो चांगला गरम झाला होता, पिनसुद्धा. रेघा मला स्पष्ट दिसत होत्या. आकडा ओठावर आला होता.

मी पिन आणि मायक्रोमीटर दोन्ही लेथच्या गार पत्र्यावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी खाली बसलो.

"थांब," मी म्हणालो, "जरा निवू दे. मग वाचू."